काकांना कोणी सांगायचं?

आमची शनिवारची बैठक कशी संपली, हे मला कोणी विचारत नाही. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात ती आठवणारे लोकही आता फार उरलेले नाहीत. तरी मी लिहितो आहे, कारण ती संपवणाऱ्यांत मी होतो. आम्ही ती भांडून संपवली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं. आम्ही ती मायेनं संपवली.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात उपयंत्री होतो, म्हणजे अभियंत्यांच्या उतरंडीतला सगळ्यात खालचा. माझा एक मित्र बांधकाम खात्यात होता. आम्ही दोघं एकाच गल्लीत वाढलो, एकाच कॉलेजात शिकलो आणि दोघांचेही वडील कचेरीत कारकून. विजेच्या कचेरीमागे जुने मीटर टाकून दिलेली एक खोली होती. निवृत्तीकडे झुकलेले वीज खात्यातले एक अभियंते तिथे दर शनिवारी दुपारी चार-पाच जणांना जमवत. ते आमच्यासारखेच बालाघाटचे मराठी होते, पण बैठकीत हिंदीच बोलत, कारण सगळ्यांना तीच समजे. तेव्हा आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो.

त्यांचा नियम साधा होता. ज्यानं ड्रॉइंग काढलं त्यानं गप्प बसायचं. दुसऱ्यानं, शक्यतो दुसऱ्याच खात्यातल्या माणसानं, ते भिंतीवर टाचून सगळ्यांना समजावून सांगायचं. सांगणारा जिथे अडखळला तिथे लाल पेन्सिलीनं खूण व्हायची. "समझानेवाला अटका, तो समझो ड्रॉइंग अटका," असं साहेब म्हणत. ज्याच्या कागदावर चूक निघे तो उठून सगळ्यांना चहा ओतून देई, आणि तो ओतेपर्यंत बाकीचे त्याची यथेच्छ टर उडवत. साहेबांनीही पुष्कळदा चहा ओतला. ओतताना ते खूष दिसत, हे मला आजही आठवतं.

त्या खोलीत दोन माणसं अशी होती की त्यांच्यासमोर कागद टाचायच्या आधी मी तो दोनदा तपासायचो. एक माझ्याच खात्यातला, बैहरकडचा गोंड अभियंता. रामपायलीजवळच्या एका जुन्या तलावाच्या दुरुस्तीचं माझं ड्रॉइंग तो समजावून सांगत होता. पाळीशी, म्हणजे तलावाच्या बांधाशी, आला आणि थांबला.

"इसमें ढोर कहाँ से उतरेंगे?"

नियम मोडून मी बोललो, "ढोर उतरने का इसमें नहीं है."

"आपके कागज में नहीं है," तो शांतपणे म्हणाला. "पर वो तो उतरेंगे. कागज पढ़के थोड़ी उतरते हैं."

सगळे हसले. मी कारकुनाच्या घरात वाढलेला. गुरं तलावावर नेणं मी नुसतं पाहिलेलं होतं. गुरांना उतरायला वाट ठेवली नसती तर त्यांच्या खुरांनी माझी नवी पाळ दोन-तीन पावसाळ्यांत फोडली असती. त्या दिवशी चहा मी ओतला.

दुसरी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत अभियंता असलेली एक बाई. केरळची. महिन्यातून एक-दोनदा खाणीची जीप शहरात येई, तिच्यातून ती येत असे. तिची हिंदी मोडकी होती, आणि आपल्याकडे कुणाला काय विचारू नये याची तिला काही कल्पना नव्हती. एकदा माझ्या मित्राचं पाण्याच्या लाइनीचं ड्रॉइंग तिच्या वाट्याला आलं.

"इधर पाइप मोटा था. उधर पतली हो गया. क्यों?"

मित्र म्हणाला, "मैडम, डाइटिंग पर है."

ती हसली नाही. "डाइटिंग क्यों?"

खोली हसून लोळली. मग मित्र चहाची किटली घ्यायला उठला. जुन्या कुठल्या तरी ड्रॉइंगावरून त्यानं तो पाइप तसाच उतरवला होता. चहा ओतता ओतता तो मला मराठीत म्हणाला, "हे बाई म्हंजे तापच हाय बे." पण घरी जाऊन त्यानं सगळी लाइन नव्यानं काढली, आणि ती पहिलीपेक्षा किती तरी चांगली होती. तिच्या ड्रॉइंगात मी एकदा अडखळलो तेव्हा तिनं तो कागद स्वतः भिंतीवरून काढून माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "फिर से बोलो. धीरे से. मेरे को समझना है." तिला लाज वाटलेली मला दिसली नाही.

एका शनिवारी बैठक सुटल्यावर साहेब आणि मी बसस्टँडकडे चालत निघालो होतो. आम्ही दोघंच असलो की ते आपल्या घरच्या बोलीत बोलत. त्यांचे वडील शाळामास्तर होते. म्हातारपणी त्यांचा विसराळूपणा वाढला आणि ते तोच धडा रोज शिकवू लागले. पोरं हसत. बाकीच्या मास्तरांना माहीत होतं, गावाला माहीत होतं. कोणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना त्यांच्याबद्दल आदर होता.

"माह्या बापाले कोणी सांगतलं नाही बाबू," साहेब म्हणाले. "तो आपल्या डौलात शिकवून राह्यला होता. मले तेच भेव वाटते. माह्यं डोकं जाईन तवा मले समजणार नाही. तू सांगजो."

मी म्हणालो, "हौ साहेब, सांगीन."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथे मिटला होता. एवढा विश्वास त्यांनी माझ्यावर टाकला होता.

मग राज्य तुटलं. छत्तीसगड वेगळं झालं आणि खात्यातली माणसं इकडे-तिकडे वाटली गेली. बैहरकडचा आमचा सोबती तिकडे गेला. केरळच्या बाईची बदली राजस्थानातल्या एका खाणीत झाली. साहेब निवृत्त झाले आणि मीटरांच्या खोलीला कुलूप लागलं. बैठक त्यांच्या घरी, ओसरीवर भरू लागली. आता उरलो मी, माझा मित्र आणि आमच्याच कॉलेजातून आलेले, आमच्याच बोलीचे आणखी दोघं. साहेबांचे काका झाले. त्यांची बायको आमची काकू झाली. हिंदी आपोआप सुटली. शनिवारी दुपारी काकू भजी तळत, भाताचे मुरमुरे परतत, घरातल्यासारखी आमची विचारपूस करत. "बरं झालं, आता आपलीच माणसं राह्यली," मित्र म्हणाला. मलाही तसंच वाटलं होतं. आयुष्यात मी फार कमी ठिकाणी एवढा सुखात बसलो असेन.

काका आता खेड्यापाड्यांसाठी फुकट ड्रॉइंग काढून देत. कुठे धानाची गिरणी असे, कुठे शाळेतली वायरिंग, कुठे नदीवरून शेतात पाणी उचलायची योजना. गिरणीचं ड्रॉइंग समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली. मोटरच्या वायरीपाशी मी आलो आणि माझी जीभ थांबली. मोटर मोठी होती आणि तिला दिलेली वायर बारीक. गिरणी सुरू झाल्यावर ती तापून जळाली असती. काकांनी ही चूक करावी! हे तर त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

त्याच वेळी काकू ताट घेऊन आल्या. "घे, गरम हाय तवर खा," म्हणाल्या. काका माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. मी भजं उचललं आणि म्हणालो, "आणि ही लाइन अशी मोटरला जाते." पुढे गेलो. माझ्या मित्रानं मान खाली घातली. त्यालाही दिसलं होतं. चौघांनाही दिसलं असावं.

बाहेर पानठेल्यावर मित्र म्हणाला, "आता?"

"ट्रेसिंग मी करतो," मी म्हणालो. काकांचा हात थरथरू लागला होता, त्यामुळे त्यांचं पेन्सिलीचं ड्रॉइंग शाईनं उतरवायचं काम माझ्याकडेच होतं. "उतरवताना वायर बदलून टाकतो. या एकाच वेळी."

मित्राला केवढं हायसं वाटलं! मलाही वाटलं. आपण किती समजूतदार आहोत असंही वाटलं. गिरणी नीट चालली. पुढच्या ड्रॉइंगात पुन्हा काही निघालं, तेही मी शाईत दुरुस्त केलं. मग ती रीतच पडली. ओसरीवर आम्ही माना डोलवायचो आणि घरी मी कागद सुधारायचो. यात आणखी एक गोष्ट झाली, ती आमच्या कुणाच्या लक्षात आली नाही. काकांच्या ड्रॉइंगात अडखळायचं नाही म्हटल्यावर एकमेकांच्या ड्रॉइंगातही कोणी अडखळेना. मित्राची एक संरक्षक भिंत वर्षभरात कलली. ते ड्रॉइंग त्या ओसरीवर टाचलेलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते छान म्हटलं होतं.

काकांच्या मात्र काही तरी लक्षात येत होतं. एकदा ते म्हणाले, "काहून रे, लय दिवस झाले मी चहा नाही ओतला. मी चुकतच नाही का आता?"

मित्र लगेच म्हणाला, "काका, तुमचा हात बसला आता."

"बहात्तराव्या वर्षी?" काका हसले. मग माझ्याकडे वळले. "खरं सांगून राह्यला का हा?"

मी म्हणालो, "हौ काका."

हे वाक्य मी पुष्कळदा मनात परत म्हटलं आहे. दोनच शब्द.

त्याच सुमारास माझ्या कचेरीत रीवाकडचा एक तरुण हिंदीभाषक अभियंता आला. मी त्याला बैठकीला नेलं. काकांचं शाळेच्या वायरिंगचं ड्रॉइंग त्याला समजावायला दिलं आणि तो एका ठिकाणी सरळ थांबला. "ये तो गलत लग रहा है, सर." काका पुढे सरकले. त्यांचे डोळे चमकले. तेवढ्यात मित्र मराठीत म्हणाला, "अबे, याले कोणी आणलं? शाळेत मास्तर म्हणून लावा याले." आम्ही चौघं हसलो. सगळे आपल्याला का हसतायत हे त्या मुलाला समजलं नाही. काका म्हणत होते, "क्या गलत है, बताओ," पण हसण्यात ते बुडून गेलं आणि काकूंनी चहा आणला. जाताना मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "बुजुर्ग हैं. जरा सँभाल के."

"तो क्या हुआ?" तो म्हणाला. "गलत तो गलत है ना?"

तो परत आला नाही. मीही त्याला परत बोलावलं नाही.

मग किरनापूरकडच्या एका गावाची योजना आली. नदीवर पंप बसवून उन्हाळी धानाला पाणी द्यायचं होतं. काकांनी महिनाभर खपून ड्रॉइंग काढलं आणि पंप दाखवला उंच काठावर. पावसाळ्यानंतर नदी भरलेली असते, तेव्हा तिथून पाणी उचललं गेलं असतं. उन्हाळ्यात नदी खाली जाते, आणि इतक्या खालून काठावरचा कुठलाही पंप पाणी ओढू शकत नाही. पाणी लागणार होतं नेमकं उन्हाळ्यात. मी समजावताना तिथे मनातल्या मनात अडलो आणि पुढे गेलो. शाईच्या कागदावर मी पंप खाली आणला आणि त्याच्यासाठी काठाच्या मध्यावर ओटा दाखवला.

पंप सुरू करायच्या दिवशी गावानं काकांना बोलावलं. मित्रानं जीप आणली. उन्हाळा होता, नदी तळाला गेलेली. बटन दाबलं आणि पाइपातून पाणी धो धो कोसळलं. बायका पाण्यात हात घालून पाहत होत्या. सरपंचानं काकांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. "साहेबानं नक्शा काढला म्हणून पाणी आलं," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका त्या ओट्याकडे पाहत होते. मग त्यांनी वर काठाकडे पाहिलं, जिथे काहीच नव्हतं. मग पुन्हा ओट्याकडे.

परतताना त्यांनी हार काढून मांडीवर ठेवला.

"पंप खाली काहून बसवला?"

"तिथं जागा बरी होती, काका," मी म्हणालो.

"मी कुठं दाखवला होता?"

"वर."

"वर बसवला असता तं?"

आता खोटं बोलायला जागाच नव्हती. "उन्हाळ्यात पाणी आलं नसतं."

"हे तुले कवा समजलं?"

"समजावून सांगताना."

"अडला होतास?"

"हौ."

"मंग थांबला काहून नाही?"

मित्र गाडी चालवता चालवता म्हणाला, "जाऊ द्या ना काका. काम चांगलं झालं, गाव खूष हाय. अजून काय पायजे?"

"तुले नाही इचारलं," काका म्हणाले. मग मला, "कवापासून?"

"गिरणीपासून."

"गिरणीपासून," ते म्हणाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली रिकामी शेतं होती. शहर जवळ आल्यावर त्यांनी अगदी हळू विचारलं, "मंग मधातले कागद बरोबर कोणते होते?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मी किती कागद बदलले, कुठे थोडं, कुठे जास्त, ते मलाच सांगता येईना. काही ड्रॉइंगं पूर्ण बरोबर होती, सुंदर होती, पण आता मी तसं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास का ठेवावा? घरी उतरताना त्यांनी आम्हाला आत बोलावलं नाही.

बैठक तिथेच संपली. काही दिवसांनी त्यांनी मला निरोप पाठवला. ओसरीवर त्यांची पेन्सिलीची ड्रॉइंगं, माझा हात न लागलेली, गुंडाळून ठेवलेली होती. "मलाजखंडच्या बाईचा फोन नंबर काढ," ते म्हणाले. "आणि हे तिले पाठव. जसेच्या तसे."

मी नंबर मिळवला आणि गुंडाळी पाठवली. तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी खुर्ची फोनजवळ ओढून घेतली आणि शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले. पलीकडून ती बराच वेळ बोलत होती. "हाँ," काका म्हणत होते. "हाँ, वो भी... अच्छा, ये भी?... नहीं नहीं, बोलिए, पूरा बोलिए." शेवटी त्यांनी विचारलं, "तो अब नहीं करना चाहिए ना मैडम, लोगों के लिए?" उत्तर लहानच असावं. काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "थैंक्यू." त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतंच. पण त्याबरोबर जे होतं ते मी तोवर पाहिलेलं नव्हतं, अवजड ओझं खाली ठेवलेल्या माणसाचं असतं तसं. तिनं त्यांना तेच दिलं जे त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं.

मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. तिनं माझी चौकशी केली नाही.

"आप लोग तो उधर ही था ना?" ती म्हणाली.

"हाँ मैडम."

"तो फिर आप लोग क्या करता था?"

मला सांगायचं होतं की आम्ही त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या घरी जेवायचो, त्यांना दुखवणं आम्हाला जमत नव्हतं. हिंदीत ते सगळं अगदीच फालतू वाटलं. मराठीत तरी कुठे बरं वाटलं असतं? मी म्हणालो, "कुछ नहीं करते थे."

काकांनी ड्रॉइंगचा फळा आत नेऊन ठेवला आणि पुन्हा काढला नाही. त्यानंतरही ते बरेच दिवस होते. मित्रानं जाणं सोडलं, त्याला काकांचं तोंड बघवत नव्हतं. मी जात राहिलो. काका माझ्याशी फार चांगले वागत. माझ्या मुलांची चौकशी करत, पावसापाण्याचं बोलत, काकूंना चहा टाकायला सांगत. रागाचा एक शब्द नाही. मी पुष्कळदा वाट पाहिली की ते आज तरी मला झापतील.

एकदा मी माझ्याच एका छोट्या बंधाऱ्याचं ड्रॉइंग घेऊन गेलो. कामाचं होतं, आणि एका जागी मला स्वतःला खात्री वाटत नव्हती. "काका, जरा पाहता का?" म्हटलं. त्यांनी चष्मा लावला आणि कागद गुडघ्यांवर पसरला. ते समजावून सांगायला त्यांनी कोणाला बोलावलं नाही, आणि बोलवायला होतं तरी कोण. त्यांचं बोट रेषांवरून हळूहळू फिरत होतं. बंधाऱ्याच्या डाव्या टोकाशी ते थांबलं. माझी शंका तिथे नव्हतीच, ती दुसरीकडे होती. बोट तिथे बराच वेळ राहिलं. मग ते पुढे सरकलं.

काकांनी कागद नीट गुंडाळून माझ्या हातात दिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"छान हाय बाबू," ते म्हणाले. "लय छान काढलं."

"काका, डाव्या बाजूला काही आहे का?"

"नाही रे," ते हसले. "छान हाय."

घरी येऊन मी ते डावं टोक किती तरी वेळा तपासलं. मला काही सापडलं नाही. बंधारा तसाच बांधला गेला. दर पावसाळ्यात, बदली झाल्यावरसुद्धा, मी वाकडी वाट करून त्या नाल्यावर जातो, डाव्या टोकाशी उभा राहतो आणि पाण्याकडे पाहतो.